अनमोडला भरलेली दहाचाकी जागेवर फिरते, लिफ्ट ॲक्सल उचलला की चढते. हे बरोबर चाललंय का?

धारबांदोडकर
नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचून जातो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय, लांबलाय, सांभाळून घ्या.

घरच्या दोन गाड्या आहेत. एक बाबांनी खाणीच्या काळात घेतलेली सहाचाकी टिप्पर, जी १६ मार्च २०१८ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्यावर दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती आणि तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या, मस्करी नाही. दुसरी गेल्या वर्षी सेकंडहँड घेतलेली दहाचाकी, २८ टन पासिंग (गाडी आणि माल मिळून). हिला लिफ्ट ॲक्सल आहे. म्हणजे पुढे दोन चाकं, मग चार चाकांचा उचलणारा जोडा आणि त्याच्या मागे चार चाकांचा हाऊसिंगचा जोडा, इंजिनाची ताकद फक्त ह्या शेवटच्या जोड्याला जाते.

गेल्या आठवड्यात वास्कोहून खत भरून हुबळीला निघालो, ३६० पोती, मी पण केबिनमधे होतो. मोलेपासून पावसाने झोडपायला सुरुवात केली. घाटात एका वळणावर पुढे कोणाचा तरी ट्रेलर बंद पडलेला, त्यामुळे चढावरच थांबावं लागलं. वाट मोकळी झाल्यावर ड्रायव्हरमामांनी पहिल्या गिअरमधे क्लच सोडला तर मागचं चाक जागेवर फिरायला लागलं, खालून लाल पाण्याचं कारंजं आणि गाडी तसूभर हलेना. दोनतीनदा झालं. मग मामांनी शांतपणे लिफ्टचं बटण दाबलं, मधला जोडा वर गेला, गाडी मागे जरा बसली आणि अशी निघाली जशी काही झालंच नव्हतं. वर अनमोडपर्यंत तशीच नेली.

मामा म्हणतात, मालक, हा डमी आहे, चढणीला उचलायचाच असतो. मला काही पटत नाहीये. आणखी एक, ॲक्सल खाली असताना ओल्या वळणावर हँडल वळवलं तरी गाडी थोडी सरळच जायला बघते, असं मामांनीच सांगितलं. जास्त चाकं रस्त्यावर असून ग्रिप कमी कशी? आणि भरलेल्या गाडीचा ॲक्सल उचलून घाट चढणं कितपत बरोबर?

वाचनमात्र
मी आजपर्यंत समजत होतो की ट्रकवाले स्टेपनी म्हणून ती चाकं वर बांधून ठेवतात 😅 धागा फॉलो करतोय.

निवृत्त_मास्तर
धारबांदोडकर, प्रश्न चांगला विचारलात. ग्रिप चाकांच्या संख्येने ठरत नाही, जे चाक इंजिन फिरवतं त्या चाकावर किती वजन बसलंय त्याने ठरते. चिखलात रुतलेल्या रिकाम्या जीपच्या मागच्या फळीवर दोन पोरं चढवून उड्या मारायला लावतात ना, तेच गणित. त्या पोरांनी ढकललं काहीच नाही, फक्त मागच्या चाकावर वजन दिलं.

तुमच्या गाडीत एकूण वजन तेवढंच आहे, ते तीन ठिकाणी वाटलं जातं. मधल्या जोड्याला इंजिन जोडलेलं नाही. त्याने उचललेलं प्रत्येक पोतं हे हाऊसिंगच्या जोड्यावरून काढून घेतलेलं पोतं आहे, थोडंफार पुढच्या चाकांवरूनही. चाकं वाढली, पण कामाच्या चाकावरचं वजन घटलं.

खडूस_काणकोणकर
मास्तर, हे परीक्षेत येणार आहे का?

निवृत्त_मास्तर
अनमोडला पावसात येतं. तिथे एटीकेटी नाही.

स्टीअरिंगकाका
मी ३१ वर्षं हेवी चालवली, त्यातली निम्मी खाणीवर आणि निम्मी बेळगाव-हुबळी लाईनला, म्हणून सांगतो की तुझा ड्रायव्हर अर्धा बरोबर आहे आणि अर्धा चूक. गाडी रिकामी असेल तर ॲक्सल वरच पाहिजे, त्यात वादच नाही, डिझेल वाचतं टायर वाचतात आणि पावसात मागचं चाक धरून राहतं. गाडी भरलेली असेल आणि फसली तर दहावीस मीटर काढण्यापुरता उचलला तर मी तुला शिव्या घालणार नाही, सगळेच करतात. पण भरलेल्या गाडीचा ॲक्सल उचलून अख्खा घाट चढायचा म्हणजे हाऊसिंगवर खून आहे. टायर गरम होतात, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, हब जातो, आणि वर पोचल्यावर पलीकडे उतरण आली आणि मामा बटण विसरले तर? उचललेल्या चार चाकांना ब्रेक नाही रे बाबा. चाक हवेत असताना त्याचा ब्रेक कितीही दाबला तरी काय उपयोग. उरलेल्या सहा चाकांनी सगळं वजन धरायचं, ड्रम तापणार, पेडल खाली जाणार.

माझ्या एका गाडीला डमी हाऊसिंगच्या मागे होता, तुझ्यासारखा पुढे नव्हता. क्लीनरने एकदा भरलेल्या गाडीचा तो उचलून ठेवला आणि मला सांगितलंच नाही. चोर्ला घाट उतरताना हँडल असं हलकं झालं की एका बोटाने फिरेल. हँडल हलकं झालं की नव्या ड्रायव्हरला बरं वाटतं, जुन्याच्या पोटात गोळा येतो. केरीला थांबून खाली उतरलो आणि बघितलं तर डमी वर.

धारबांदोडकर
काका, आमचं हँडल उलट जड झालं होतं, उचलल्यावर. मामा म्हणाले पण तसं. हे कसं?

अबोली
हे बरोबर आहे, आणि काकांचंही बरोबर आहे, कारण दोन गाड्यांत ॲक्सलची जागा वेगळी आहे. (मूळची म्हापशाची, सध्या युरोपात, ट्रकच्या ब्रेकिंगवर काम करते, त्यामुळे हा विषय पोटापाण्याचा.)

तुमचा उचलणारा जोडा हाऊसिंगच्या पुढे आहे, म्हणजे पुढचं चाक आणि मागचं चाक ह्यांच्या मधे. दोघांनी बाकड्याची दोन टोकं धरलीत आणि मधे तिसरा खांदा लावून उभा आहे असं समजा. तिसरा बाजूला झाला की दोघांवरही भार वाढतो, ज्याच्या जवळ तो उभा होता त्याच्यावर जास्त. म्हणून तुमचं हँडल जड झालं.

काकांच्या गाडीत तिसरा माणूस मागच्याच्याही मागे, बाकड्याच्या शेपटाकडे होता. तो सुटला की बाकडं मागच्या माणसावर तराजूसारखं कलतं आणि पुढचं टोक वर जायला बघतं. आकडे घालून बघा. पुढचा आणि हाऊसिंगचा जोडा ४.२ मीटरवर, त्याच्या मागे १.४ मीटरवर डमी, डमीवर १० टन. तो उचलला तर हाऊसिंगवर १० नाही, १३.३ टन वाढतात, आणि जास्तीचे ३.३ टन पुढच्या चाकांवरून निघून जातात. ७ टनाचं पुढचं ३.७ वर आलं. अशा गाडीचं हँडल एका बोटाने फिरतं यात नवल नाही, आणि ती वळत नाही यातही नाही.

स्टीअरिंगकाका
अबोलीताई, एवढी वर्षं पोटातल्या गोळ्याचं कारण माहीत नव्हतं, आज कळलं. ३.३ टनाचा होता तो.

गॅरेजवालो_उसगाव
पात्रांव, सगळे थियरी सांगताहेत, मी हात काळे करणारा माणूस, मला एक सांग. गेज किती दाखवतं? लिफ्ट ॲक्सलच्या फुग्यांना हवा किती भरलीय? तुझ्या गाडीला मधला जोडा हवेच्या फुग्यावर आणि हाऊसिंग पाट्यावर असणार. अशा गाडीत मधला जोडा किती वजन उचलणार ते रस्ता ठरवत नाही, हवा ठरवते. हवा जास्त भरली की मधला जोडा शहाणपणा करतो, शेजाऱ्याचं वजन पण स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि हाऊसिंग तरंगायला लागतं. मग पावसात चाक फिरणार नाही तर काय.

सेकंडहँड घेतलीस म्हणालास. मागच्या मालकाने हवा चढवून दिलेली असणार असं माझं मन सांगतं. कारण पण सांगतो, हाऊसिंगचे पाटे बसलेले असले की गाडी मागून वाकलेली दिसते, गिऱ्हाईक नाक मुरडतं. मधे हवा चढवली की गाडी सरळ दिसते. पाटे करण्यापेक्षा हवा फुकट.

धारबांदोडकर
गेज ५.५ बार. आणि तुमचं मन असं बोलतंय म्हणजे आता माझं मन घाबरलं.

गॅरेजवालो_उसगाव
घाबरू नको, वजनकाट्यावर ने. पण गाडी नुसती चढवून टोटल काढून येऊ नको, टोटल बरोबरच येणार. फक्त पुढची चाकं काट्यावर घे आणि लिही. मग मधला जोडा पण चढव आणि लिही, मग सगळी गाडी. वजाबाकी केलीस की तिघांचं वेगवेगळं येतं. काट्याच्या दोन्ही बाजूचा रस्ता काट्याच्या पातळीत पाहिजे हां, खड्ड्यात चाक असेल तर आकडा खोटा. ब्रेक सोडून, न्यूट्रलमधे. चाकाला ओट (अडसर) लाव.

खडूस_काणकोणकर
मला एक समजत नाही. एवढी सर्कस करण्यापेक्षा मागचे दोन्ही जोडे इंजिनाने फिरणारी गाडी का नाही घेत तुम्ही? खाणीवर तेच चालतात ना. आणि तुमच्या ह्या उचललेल्या ॲक्सलनी आमच्या करमल घाटाच्या रस्त्याची जी अवस्था केलीय ती वेगळी.

स्टीअरिंगकाका
खाणीवर लिफ्ट ॲक्सल कोणी फुकट दिला तरी घेणार नाही. खाणीच्या रॅम्पवर रस्ता मधेच उंच असतो, त्या उंचवट्यावर मधला जोडा चढला की तो सगळं वजन घेतो आणि मागचं चाक लोंबकळायला लागतं. पण डांबरी रस्त्यावर दोन हाऊसिंगवाली गाडी म्हणजे दोन क्राऊन-पिनियन (चाकं फिरवणारे गिअर), गाडीचंच वजन जास्त, डिझेल जास्त, आणि तेवढी पोती कमी. भाडं पोत्याचं मिळतं, हाऊसिंगचं नाही. हा सगळा हिशोब आहे.

निवृत्त_मास्तर
खडूसबाब, रस्त्याचं तुम्ही बोललात ते खरं आहे आणि त्यालाही आकडा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० ट्रक फिरवून रस्त्यांची मोठी चाचणी झाली होती, त्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याचं नुकसान ॲक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट तर नुकसान सोळा पट. एकाच जोड्यावर साडेदहाच्या जागी अठरा टन आलं तर साडेआठ पट. म्हणजे भरल्या गाडीचा ॲक्सल उचलून एक खेप म्हणजे त्या जोड्यापुरत्या आठनऊ खेपा.

खडूस_काणकोणकर
पहिल्यांदाच ह्या साईटवर कोणी माझ्याशी सहमत झालं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

धारबांदोडकर
अपडेट. सोमवारी परत तीच खेप होती, तीच ३६० पोती, तर सकाळी सहाला फोंड्याच्या बाजूला एका काट्यावर गाडी नेली. काटेवाला आधी तयारच नव्हता, म्हणे तीन गाड्यांचे पैसे घेईन. घे म्हटलं. पाऊस नव्हता पण झाडावरून टपटप चालू, काट्याच्या लोखंडी प्लेटवर लाल चिखलाचा थर, तो मामांनी आधी झाडूने काढला कारण गॅरेजवाल्या दादांनी पातळीचं सांगितलं होतं आणि मामा आता ह्या प्रकरणात माझ्यापेक्षा जास्त गुंतलेत. पुढची चाकं चढवली, ६.३ टन. मग इंच इंच करत मधला जोडा चढवला, मी खाली बसून बघत होतो की हाऊसिंगचं चाक प्लेटच्या बाहेर राहिलंय की नाही, चार बोटं अंतर होतं. १९ टन. मग पूर्ण गाडी, २७.६.

म्हणजे पुढे ६.३, मधे १२.७, हाऊसिंगवर ८.६. उलट बाजूने परत घेतलं, शंभर किलोचा फरक आला, तेवढाच.

काटेवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "गाडी पास आहे हो, काय शोधताय?"

गॅरेजवालो_उसगाव
हे बघ. बोललो नव्हतो मी? टोटल पास, आणि जो जोडा गाडी ओढणार तोच सगळ्यात हलका. बैलाला गाडीच्या मागे बांधून आपण पुढे चालल्यासारखं आहे हे.

निवृत्त_मास्तर
आता खरी मजा. समजा चढ १२ ला १ आहे. २७.६ टनाची गाडी तो चढ जवळजवळ २.३ टनाच्या जोराने मागे ओढतो, टायरचा विरोध वगैरे धरून अडीच टन धरा. हा अडीच टनाचा जोर फक्त हाऊसिंगच्या चार चाकांनी रस्त्यावर लावायचा आहे. त्या चाकांवर ८.६ टन, म्हणजे रस्त्याने वजनाच्या २९ टक्के पकड द्यायला हवी. कोरड्या डांबरावर ७० टक्के मिळते, नुसत्या ओल्यावर ४०-५०, आणि ओल्या डांबरावर लाल मातीचा राबडा आला की ३० च्या खाली यायला वेळ लागत नाही. तुम्ही अगदी काठावर उभे होता. चालत्या गाडीत कदाचित निभावलं असतं, पण थांबून परत निघताना जोर थोडा जास्त लागतो, तेवढ्यात काठ ओलांडला.

वजन नीट वाटलेलं असतं, हाऊसिंगवर साडेदहा टन, तर हीच गरज २४ टक्क्यांवर येते. उचलल्यावर काय झालं ते अबोली सांगेल, तिची बाकड्याची उपमा माझ्यापेक्षा बरी होती.

अबोली
सर लाजवू नका 🙂

तुमच्या गाडीत पुढचा आणि हाऊसिंगचा जोडा साधारण ५.६ मीटरवर आणि उचलणारा हाऊसिंगच्या १.४ मीटर पुढे धरते. मधल्याचे १२.७ टन सुटले की पाव हिस्सा पुढे, बाकी मागे. पुढे ६.३ चे झाले ९.५, हाऊसिंगवर ८.६ चे झाले १८.१. पकडीची गरज २९ टक्क्यांवरून १४ वर आली. म्हणून गाडी "जसं काही झालंच नव्हतं" अशी निघाली.

आता त्याची किंमत. जुलै २०१८ ला आपल्याकडे मर्यादा वाढवल्या त्यानंतर पुढचा ॲक्सल ७ टन, चार टायरचा एकटा ॲक्सल ११.५ आणि दोन जोडे मिळून २१. तुम्ही पुढे अडीच टन आणि मागे साडेसहा टन वर होता. अख्ख्या घाटभर. पुढच्या दोन टायरांचं तर मला जास्त भय वाटतं, मागे चारात एक फुटला तर तीन उरतात, पुढचा फुटला तर गाडी हातात राहत नाही.

इकडे युरोपात ह्याला सरळ परवानगी आहे पण लगाम घालून. निसरड्यावर निघताना मधल्या जोड्याचा भार कमी करता येतो, पण हाऊसिंगवर मर्यादेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही आणि ताशी ३० किमीच्या वर गाडी जायच्या आत ॲक्सल आपोआप परत भार घेतो. तुमच्याकडे तसं ऑटोमॅटिक नसेल तर मामांनी पूर्ण उचलण्याऐवजी फुग्यातली हवा थोडी सोडायची, चाक जमिनीवरच राहू द्यायचं, गाडी निघाली की परत भरायची. चाक जमिनीवर असेल तर ब्रेकमधे थोडी तरी मदत करतं.

धारबांदोडकर
पण आरटीओने पकडलं असतं तर?

स्टीअरिंगकाका
ओव्हरलोडला २०१९ पासून २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. मामांना हे सांगितलंस की बटणाला हात लावणार नाहीत.

वाचनमात्र
एक बावळट प्रश्न. डिफ लॉक म्हणून काहीतरी असतं ना, ते लावलं असतं तर?

गॅरेजवालो_उसगाव
बावळट नाही, बरोबर प्रश्न आहे. डिफ लॉक कधी कामाचा, जेव्हा एका बाजूचं चाक चिखलात आणि दुसऱ्या बाजूचं डांबरावर. लॉक नसेल तर ताकद चिखलातल्या चाकाकडे पळते आणि डांबरावरचं बघत बसतं. लॉक लावला की दोन्ही एकत्र फिरतात. पण दोन्ही बाजूंवर वजनच कमी असेल तर दोन्ही एकत्र फिरतील, जागेवरच, एवढंच. आणि लॉक लावून वळण मारू नये, हाऊसिंगमधून जो आवाज येतो तो आमच्या धंद्याला चांगला, तुमच्या नाही.

धारबांदोडकर
वळणाचं राहिलंच. ओल्या वळणावर सरळ जाते ते पण ह्याच्यामुळेच?

अबोली
दोन कारणं एकमेकांवर चढलीत. एक, मधल्या जोड्याने जास्त वजन घेतल्यामुळे पुढची चाकं हलकी, ७ च्या जागी ६.३. वळवणारं चाक तेच, त्याची पकड कमी.

दुसरं, मधला जोडा वळत नाही, सरळच आहे ना तुमचा? (काही गाड्यांत तो स्वतः थोडा वळणारा येतो, रिव्हर्सला लॉक करायचा किंवा उचलायचा, नाहीतर उलटा फिरतो.) सरळ असेल तर वळणावर मधला आणि मागचा दोघांनाही एकाच वेळी बरोबर दिशेने जाता येत नाही, दोघांमधे १.४ मीटर अंतर आहे, त्यामुळे टायर आडवे घासतात. ते घासणं गाडीला सरळ ठेवायला बघतं आणि पुढच्या चाकांना त्याच्याशी भांडून गाडी वळवावी लागते. मधल्यावर वजन जितकं जास्त तितकं हे भांडण मोठं. कोरड्यात पुढचं चाक जिंकतं, ओल्यात कधीकधी हरतं.

गॅरेजवालो_उसगाव
खाली वाकून मधल्या टायरांच्या कडा बघ. कान खाल्लेले असतील, हात फिरवलास तर करवतीसारखे लागतील.

धारबांदोडकर
बघितलं आत्ताच टॉर्च घेऊन. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर बोटाला कापेल असं. चारही.

स्टीअरिंगकाका
आणखी एक सांगून ठेवतो कारण हे कोणी सांगत नाही. परतीला रिकामी येताना मामा ॲक्सल खाली ठेवतात का वर? बरेच ड्रायव्हर आळसाने खालीच ठेवतात. पावसात उतरणीला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावला की तो फक्त हाऊसिंगच्या चाकांनाच धरतो, बाकीच्यांना नाही. रिकाम्या गाडीत हाऊसिंगवर आधीच वजन नाही, त्यातलं अर्धं मधल्याने खाल्लेलं, तर ते चाक धरायच्या ऐवजी घसरतं आणि गाडीचं शेपूट बाहेर यायला लागतं. माझं एकदा दूधसागरच्या देवळाजवळ असंच झालं, समोरून बस. देवीने आणि क्लचने वाचवलं. क्लच दाबला, चाक परत फिरायला लागलं, शेपूट आत आलं. तेव्हापासून रिकामी असेल तर ॲक्सल वर, आणि ओल्यात उतरताना एक्झॉस्ट हळू हळू, धाडकन नाही.

हॅंडब्रेकचं पण तेच. बहुतेक गाड्यांत तो मागच्या जोड्यालाच असतो. चढावर ओल्यात लावून उतरलात आणि हाऊसिंग हलकं असेल तर चाक लॉक असूनही गाडी घसरू शकते. ओट लावल्याशिवाय केबिन सोडायची नाही. लाकडाचा, दगडाचा नाही, दगड रस्त्यावर राहतो आणि मागून येणारा स्कूटरवाला मरतो.

खडूस_काणकोणकर
त्या शेवटच्या वाक्यासाठी काकांना माझ्याकडून एक सोलकढी.

धारबांदोडकर
दहा दिवसांनी अपडेट. गाडी उसगावला नेली होती (होय, ह्याच दादांकडे, त्यांनी धाग्याच्या नावाने डिस्काउंट दिला नाही). फुग्यांची हवा ४.३ वर आणली तर मागून गाडी इतकी बसली की मला वाटलं काहीतरी तुटलं. दादा हसायला लागले. हाऊसिंगचे पाटे दोन्ही बाजूंचे सपाट झालेले, एका बाजूचा दोन नंबरचा पाटा क्लॅम्पच्या आत तुटलेला, गंज बघून दादा म्हणाले निदान दोन पावसाळे झाले असतील. म्हणजे मला गाडी विकली तेव्हाच तुटलेला. पाट्यांना नवीन कमान मारली, तुटलेला बदलला, टायरांची अदलाबदल केली. खर्चाचा आकडा लिहीत नाही, बायको पण ही साईट वाचते.

मग भरून परत त्याच काट्यावर. काटेवाल्याने ओळखलं, ह्यावेळी एकाच गाडीचे पैसे घेतले. पुढे ६.९, मधे १०.१, हाऊसिंगवर १०.६.

काल घाट चढलो. पाऊस होता, पण त्या दिवशीसारखा नाही, त्यामुळे मी लगेच आनंदाने नाचत नाही. त्याच वळणावर मामांना मुद्दाम थांबायला सांगितलं, मागे कोणी नाही बघून. पहिला गिअर, क्लच सोडला. चाक अर्धा फेरा फिरलं, मग धरलं, आणि गाडी निघाली. बटणाला हात लावला नाही. वळणावर हँडल जरा जड लागतं म्हणाले मामा, पण गाडी ऐकते.

मामांनी गेजच्या काचेवर ४.३ ला मुलीच्या नेलपॉलिशने लाल रेघ मारलीय.

वाचनमात्र
वाखू (वाचनखूण) साठवली. मला ट्रक घ्यायचा नाही तरी.

गॅरेजवालो_उसगाव
रेघ चांगली मारली. पण ती रेघ पूर्ण लोडची हां, अर्धी गाडी भरलीस तर ४.३ ला मधला जोडा परत शेजाऱ्याचं खाणार. अर्ध्या लोडला किती ठेवायची ते काट्यावर बघून दुसरी रेघ मारा. आणि ते गेज पण जुनंच आहे, पुढच्या वेळी येशील तेव्हा माझ्या गेजला लावून बघू, काचेवर रेघ बरोबर आणि काटा खोटारडा असं नको.

धारबांदोडकर
मामा विचारताहेत दुसऱ्या रेघेला कुठला कलर.